मेलेल्या पेशी उचलायला कोणी उरलं नाही, तर?

पाणी तापू लागलं की भूमध्य समुद्राकाठच्या मत्स्यशेतीत सी बास आणि सी ब्रीम माशांच्या पिल्लांवर एक साथ येते. कालपर्यंत चांगली पोहणारी पिल्लं खाणं सोडतात, सुस्तावतात आणि बघता बघता मरतात. अंगावर धड जखम दिसत नाही. पोट उघडलं तर प्लीहा सुजलेली असते. आजार थोडा लांबला असेल, तर प्लीहेवर आणि मूत्रपिंडावर बारीक पांढरे ठिपके उठलेले असतात. क्षयाच्या गाठींसारखे दिसतात म्हणून या रोगाला 'खोटा क्षय' असंही म्हटलं गेलं, पण क्षयाच्या जंतूशी त्याचं काही नातं नाही. हा रोग होतो फोटोबॅक्टेरियम डॅमसेली पिसिसिडा या जंतूमुळे. १९६३ साली अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात पर्च मासे मोठ्या संख्येने मेले, तेव्हा तो पहिल्यांदा हाती लागला. पुढे जपानमधल्या यलोटेल माशांत तो सापडला आणि १९९०च्या दशकात भूमध्य समुद्रातल्या मत्स्यशेतीची डोकेदुखी झाला.

या रोगाने मेलेल्या माशाच्या प्लीहेचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर जंतू भरपूर दिसतात. त्यात नवल नाही. नवल आहे ते जंतूंच्या शेजारी पडलेल्या पेशींचं. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी तिथे मरून पडलेल्या असतात, आणि त्या जंतूंनी फोडून टाकल्यासारख्या दिसत नाहीत. त्यांची केंद्रकं आक्रसून गोल घट्ट गोळ्यांसारखी झालेली असतात. पेशी जेव्हा स्वतःहून, ठरलेल्या क्रमाने मरते, तेव्हा तिचं केंद्रक असं दिसतं. मग लढायला आलेल्या शिपायांनी आत्महत्या का केली? आणि त्यांची प्रेतं तिथेच का पडून राहिली?

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात एक गट या दोन प्रश्नांमागे वर्षानुवर्षं लागलेला आहे. आना दो वाले आणि नुनो दोस सान्तोस ही त्यातली प्रमुख नावं. त्यांच्यासोबत होते मान्युएल सिल्वा, पेशीमृत्यूचा ध्यास घेतलेले ज्येष्ठ सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. या गटाच्या शोधनिबंधांची यादी पहिल्यांदा वाचताना माणूस गांगरतो. कॅस्पेज, प्लाझ्मिड, मेटॅलोप्रोटीज, एंडोसोम... शीर्षकं एकाहून एक अवघड. पण वर्षांच्या क्रमाने वाचत गेलं की लक्षात येतं, ही एकच गोष्ट आहे, हप्त्याहप्त्याने सांगितलेली. ती नीट समजली तर पेशीमृत्यूचं सगळं शास्त्र हाताशी येतं, म्हणून ती इथे सांगतो.

मरण्याच्या तऱ्हा

पेशी मेली म्हणजे फुटली, असं आपण धरून चालतो. तसं घडतंही. उकळतं पाणी सांडलं, रक्तपुरवठा तुटला, आम्लाने जाळलं, की पेशीचं आवरण फाटतं आणि आतला मालमसाला बाहेर सांडतो. त्यात पाचक विकरं असतात, आम्लं असतात, एरवी पेशीबाहेर कधीच न दिसणारी प्रथिनं असतात. आजूबाजूच्या पेशी हे पाहून बिथरतात, सूज येते. या मरणाला नेक्रोसिस म्हणतात.

पण जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलिस्टर करी या तिघांना वेगळंच मरण दिसत होतं. पेशी आकसते, केंद्रकातला डीएनए घट्ट होतो आणि त्याचे तुकडे पडतात, आवरणाला फुगे येतात आणि शेवटी सबंध पेशी लहान लहान पुड्यांत बांधली जाते. एकही पुडी फाटत नाही, काही सांडत नाही, सूज येत नाही. १९७२ साली त्यांनी या मरणाला 'अपॉप्टोसिस' हे नाव दिलं. अ‍ॅबर्डीन विद्यापीठात ग्रीक शिकवणारे जेम्स कॉर्मॅक यांनी तो शब्द सुचवला होता. झाडावरून पान गळावं, फुलाची पाकळी गळावी, तसं गळून पडणं हा त्याचा अर्थ. मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण पान गळतं तेव्हा झाडाला जखम होत नाही. देठाशी आधीच तयारी झालेली असते.

पेशीचीही तयारी असते. प्रत्येक पेशीत कॅस्पेज नावाची विकरं झोपलेल्या अवस्थेत असतात. ती म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या कात्र्या. त्यांना जागं करायचे मुख्य मार्ग दोन. बाहेरून मरणाचा संदेश आला तर कॅस्पेज-८ जागं होतं. आतच काही बिघडलं तर पेशीचं ऊर्जाकेंद्र, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर सोडतं आणि त्यामुळे कॅस्पेज-९ जागं होतं. दोन्ही वाटा पुढे कॅस्पेज-३ला येऊन मिळतात, आणि खरी कापाकापी ते करतं. हा कार्यक्रम किती काटेकोर असतो हे एका सूक्ष्म कृमीवरून कळलं. सी. एलेगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीच्या वाढीत १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच १३१, ठरलेल्या वेळी. या कामासाठी सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ सालचं नोबेल मिळालं.

आता पुढचा भाग, जो बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकला जातो आणि आपल्या गोष्टीत तोच कळीचा आहे. मरणारी पेशी आपल्या आवरणाच्या आतल्या बाजूचा एक स्निग्ध रेणू, फॉस्फॅटिडिलसेरीन, बाहेरच्या बाजूला आणते. ही खूण म्हणजे 'मला उचला' अशी पाटी. ती पाहून मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी येतात, पुड्या गिळतात आणि आत पचवून टाकतात. माणसाच्या शरीरात रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर पहिल्यांदा तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी, मरतात. आपल्याला ताप येत नाही, काही जाणवतही नाही, कारण सफाई चोख होते.

सफाई झाली नाही तर? बांधलेली पुडी अनंतकाळ बांधलेली राहत नाही. आतल्या विकरांचं काम चालूच असतं, आवरण दुबळं होत जातं आणि शेवटी फाटतं. जी पेशी शांतपणे मरायला निघाली होती, तिचाही शेवट सांडण्यात होतो. याला दुय्यम नेक्रोसिस म्हणतात. सिल्वा यांनी याबद्दल कळकळीने लिहिलं. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी अपॉप्टोसिसने मरून शेवटी फुटतात, तेव्हा अनेक संशोधक तो प्रयोगाचा दोष मानत. सिल्वा यांचं म्हणणं असं, की हा दोष नाही, उचलणारं कोणी नसेल तर या कार्यक्रमाचा हाच नैसर्गिक शेवट आहे. फक्त निरोगी शरीरात तो आपल्याला दिसत नाही, कारण तोपर्यंत पेशी खाल्ली गेलेली असते.

माशाचं संरक्षण वेगळं कुठे

माशाला अस्थिमज्जेत रक्त तयार करता येत नाही. त्याच्या रक्तपेशी तयार होतात कवटीच्या लगेच मागे असलेल्या मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात. या भागाने लघवी तयार करण्याचं काम सोडून दिलेलं असतं. याला शीर्ष मूत्रपिंड म्हणतात. मत्स्य-रोगप्रतिकाराचा कोणताही निबंध उघडा, पहिल्या पानावर हे नाव भेटतं, कारण माशाच्या मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल हव्या असतील तर संशोधक तिथेच जातो. जोडीला प्लीहा आणि थायमस असतात. सस्तन प्राण्यांसारख्या लसीका गाठी मात्र नसतात.

त्वचा, कल्ले आणि आतडं सतत पाण्याला भिडलेली असतात, आणि पाणी म्हणजे जंतूंचं सूप. तिथल्या पहाऱ्यासाठी माशांकडे एक खास प्रतिपिंड आहे. ते २००५ साली ट्राउट आणि झेब्रा माशांत सापडलं. ट्राउटमध्ये त्याला आयजीटी म्हणतात, झेब्रा माशात आयजीझेड. आणखी एक गोष्ट अशी, की माशांच्या प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी जंतू गिळूही शकतात. २००६ साली हे दाखवलं गेलं तेव्हा पाठ्यपुस्तकातली कामाची वाटणी हलली. तोपर्यंत गिळण्याचं काम मॅक्रोफेजसारख्यांचं आणि प्रतिपिंडांचं काम बी पेशींचं, अशी सरळ विभागणी मानली जायची. आणि अटलांटिक कॉड माशाने तर प्रतिकाराच्या यंत्रणेतला आवश्यक समजला जाणारा एक अख्खा विभाग, एमएचसी-२, गमावलेला आहे. २०११ साली त्याचा जनुकसंच वाचल्यावर हे कळलं. तरी कॉड जगतोय.

पण या सगळ्यात आपल्याला सर्वांत लागू पडणारी गोष्ट साधी आहे. मासा थंड रक्ताचा असतो. प्रतिपिंडं तयार व्हायला त्याला सस्तन प्राण्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, गार पाण्यात तर आणखीच. पिल्लांमध्ये तर ही यंत्रणा पुरती घडलेलीही नसते. झेब्रा माशाची शिकलेली प्रतिकारशक्ती चालू व्हायला चार ते सहा आठवडे जातात. तोपर्यंत सगळा भार मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल यांच्यावर. त्याच मारल्या गेल्या तर दुसरी फळी नाही.

पोर्तोच्या गटाची पावलं

सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांनी नुसता जंतूच नव्हे, जंतू ज्या द्रवात वाढवला तो द्रवही तपासला. जंतू गाळून टाकले आणि उरलेला द्रव सी बासच्या पोटाच्या पोकळीत टोचला. एकही जिवंत जंतू नसताना तिथल्या मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल अपॉप्टोसिसने मरू लागल्या. म्हणजे मारणारी वस्तू जंतूने बाहेर सोडलेली होती. हा द्रव जंतूच्या घातक वाणांचा, म्हणजे प्रकारांचा, असेल तरच परिणाम होई, सौम्य वाणांच्या द्रवाने काही होत नसे.

२००५ साली ती वस्तू वेगळी काढल्याचं त्यांनी जाहीर केलं. एकच प्रथिन, वजन सुमारे ५६ किलोडाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक). म्हणून नाव एआयपी-५६, म्हणजे अपॉप्टोसिस घडवणारं ५६ वजनाचं प्रथिन. त्याचं जनुक जंतूच्या मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड नावाच्या सुट्या, गोल, छोट्या डीएनएवर होतं. घातक वाणांत ते असतं, निरुपद्रवी वाणांत नसतं, हे कोडंही त्याने सुटलं. त्याच निबंधात आणखी एक प्रयोग होता आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. सशाच्या शरीरात या विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ती सी बासला टोचली, आणि मग माशांना रोगाचा जंतू दिला. ज्यांना प्रतिपिंडं मिळाली होती ते मासे वाचले. विष अडवलं तर रोग अडतो, हे दाखवल्याशिवाय 'हे विष आम्हाला सापडलं' या वाक्याला फारसा अर्थ नसतो.

२००७ साली दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं, प्रेतं तिथेच का पडून राहिली याचं. आजारी माशाच्या शरीरात हे विष रक्तातून सगळीकडे फिरतं. शीर्ष मूत्रपिंड, प्लीहा, आतडं, रक्त, जिथे जिथे मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल असतील, तिथे तिथे त्या मरायला लागतात. आता विचार करा, मेलेल्या न्यूट्रोफिल उचलायच्या कोणी? मॅक्रोफेजनी. आणि त्याच वेळी मॅक्रोफेजही मरताहेत. घराला आग लागावी आणि त्याच क्षणी बंबवालेही कोसळावेत, तसं. मग बांधलेल्या पुड्या बांधलेल्या अवस्थेत पडून राहतात, काही वेळाने फाटतात, आणि न्यूट्रोफिलच्या पोटात जंतूंसाठी साठवलेली इलास्टेजसारखी विकरं माशाच्याच ऊतींवर सांडतात. त्यांना आजारी माशांच्या रक्तात इलास्टेज फिरताना सापडलं. म्हणजे जंतू एका दगडात दोन पक्षी मारतो. शिपाईही गेले, आणि शिपायांच्या कोठारातला दारूगोळा त्यांच्याच घरात फुटला.

इथपर्यंत 'काय घडतं' हे कळलं होतं. 'कसं घडतं' याला वेळ लागला, आणि त्यामागचं कारण मत्स्यशास्त्राबाहेरच्या वाचकाला सहसा माहीत नसतं. माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींवर काम करणाऱ्याला हवं ते अवजार विकत मिळतं. सी बासच्या कॅस्पेज-९ची साधी ओळख पटवायची तर ते जनुक आधी स्वतः शोधून काढावं लागतं. म्हणून या गटाच्या यादीत मधल्या काही वर्षांत सी बासच्या कॅस्पेजच्या जनुकांवरचे निबंध दिसतात. वरवर पाहता ते नीरस वाटतात आणि कोणी फारसे वाचतही नसेल. पण ते झाले नसते तर पुढचं पाऊल पडलं नसतं. संशोधकाची यादी वाचताना गाजलेल्या चार निबंधांवरून त्याची पारख करणं मला पटत नाही, ते यामुळेच.

२०११ साली चित्र थोडं स्पष्ट झालं. विष लागलेल्या पेशींत कॅस्पेज-८, ९ आणि ३ ही तिन्ही जागी होतात, मायटोकॉन्ड्रिया ढासळतात, सायटोक्रोम-सी बाहेर येतं. बाहेरची वाट आणि आतली वाट, दोन्ही चालू. पण या सगळ्याची पहिली ठिणगी कुठे पडते?

ते २०१३ साली कळलं. एआयपी-५६ स्वतःच एक कात्री आहे. तिच्या पात्याच्या जागी जस्ताचा एक अणू असतो. ती पेशीत शिरून एक नेमकं प्रथिन कापते, एनएफ-कप्पा-बी या प्रथिनांच्या जोडीतला पी-६५ नावाचा घटक. एनएफ-कप्पा-बी म्हणजे पेशीची धोक्याची घंटा. जंतू आला की ते केंद्रकात जातं, डीएनएवर बसतं आणि दोन प्रकारची जनुकं चालू करतं. लढणारी, आणि 'घाबरू नकोस, मरू नकोस' असं पेशीला सांगणारी. विष पी-६५ला नेमकं अशा जागी तोडतं, जिथून तो डीएनएला पकडतो. मग लढण्याचा हुकूम निघत नाही आणि जगण्याचाही नाही. मरण रोखून धरणारी प्रथिनं कमी होत जातात आणि झोपलेल्या कात्र्या जाग्या होतात. हे खरंच त्या पात्यामुळे घडतं का, याची खात्री करण्यासाठी त्यांनी विषातली जस्त धरून ठेवणारी जागा बदलून पाहिली. बदललेलं विष पी-६५ कापू शकलं नाही, आणि पेशीही मेल्या नाहीत.

पेशीला जबरदस्तीने फोडणारी विषं पुष्कळ आहेत. हे विष तसं करत नाही. ते पेशीच्याच जवळ असलेला मरणाचा कार्यक्रम सुरू करून देतं आणि बाजूला होतं.

आत कसं शिरतं, हाही भाग ऐकण्यासारखा आहे. विषाचे दोन मुख्य भाग आहेत, मध्ये तिसरा छोटा भाग. एक पेशीला चिकटणारा, दुसरा कापणारा. घटसर्पाचं विष असंच असतं. चिकटणाऱ्या भागामुळे पेशी त्याला एका पिशवीत घेऊन आत ओढते, जणू काही अन्नच. पिशवीतलं वातावरण आम्लधर्मी होत जातं. बहुतेक प्रथिनं तिथे नष्ट व्हायला लागतात, हे विष मात्र त्याच आम्लाचा इशारा घेऊन पिशवीची भिंत ओलांडतं आणि पेशीद्रवात उतरतं. दोन भागांना जोडणारा एक गंधकाचा बंध असतो. तो आधीच तुटलेला असेल तर विष निकामी होतं. २०१४ साली या प्रवासाचा तपशील आला आणि २०२३ साली विषाची त्रिमितीय रचनाच प्रसिद्ध झाली.

रचनेने आणि जनुकांच्या तुलनेने एक अचंबित करणारं नातं उघड केलं. कापणारा भाग माणसांना जुलाब घडवणाऱ्या ई. कोलाय जंतूंच्या एनएलईसी या प्रथिनासारखा आहे. तेही पी-६५च कापतं, पण ई. कोलाय ते पेशीत सुईसारख्या यंत्राने टोचतो. चिकटणारा भाग मात्र एका विषाणूच्या प्रथिनासारखा आहे. हा विषाणू मावा किडीच्या शरीरात राहणाऱ्या जंतूमध्ये असतो, आणि परजीवी गांधीलमाशीपासून माव्याचं रक्षण करण्यात त्याचा हात असतो. समुद्रातला मासा, माणसाचं आतडं आणि पानावरचा मावा, या तीन ठिकाणचे सुटे भाग एकाच कुळातले निघावेत, याचा अर्थ जंतूंच्या जगात असे भाग पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे जात आले आहेत. एआयपी-५६चं जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएवर असणं याच्याशी जुळतं.

मरण नेहमी जंतूच्याच फायद्याचं नसतं

इतकं वाचून वाटेल की पेशीने मरू नये हेच बरं. तसं नाही. जंतू पेशीच्या आत लपून वाढत असेल, तर पेशीने वेळेवर मरणं म्हणजे त्याचं घर पाडणं. पायरॉप्टोसिस हे असंच एक मरण आहे. हे नाव २००१ सालचं. यात पेशी गप्प मरत नाही, आरडाओरडा करून मरते. गॅसडर्मिन नावाची प्रथिनं आवरणात भोकं पाडतात, पेशी फुगून फुटते आणि सूज आणणारे संदेश बाहेर पडतात. सस्तन प्राण्यांत हे काम मुख्यतः गॅसडर्मिन-डी करतं. माशांत गॅसडर्मिन-डी नसतंच. तिथे गॅसडर्मिन-ई असतं, आणि ते कॅस्पेज-१नेही कापलं जातं, कॅस्पेज-३ने आणि ७नेही. म्हणजे माणसात शांत मरणाच्या आणि गाजावाजाच्या मरणाच्या ज्या वाटा बऱ्यापैकी वेगळ्या ठेवलेल्या आहेत, त्या माशात एकाच दारापाशी येतात. माशावर काम करणाऱ्याने माणसाचं पाठ्यपुस्तक तसंच्या तसं लावू नये, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि मरण किती हवं, याचंही माप असतं. हे दाखवलं झेब्रा माशाच्या पिल्लांनी. ती काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे जिवंत पिल्लाच्या शरीरात मॅक्रोफेज जंतू गिळताना थेट पाहता येते. केंब्रिजमधल्या ललिता रामकृष्णन यांनी या पिल्लांना मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूचा जवळचा भाऊबंद देऊन वर्षानुवर्षं काम केलं आहे. टीएनएफ हा सूज आणणारा संदेश कमी पडला तर जंतू मॅक्रोफेजच्या आत वाढतात, हे आधी कळलं होतं. २०१३ साली त्यांच्या गटाने दाखवलं की टीएनएफ जास्त झाला तरी पिल्लाचं नुकसानच होतं. मॅक्रोफेजच्या मायटोकॉन्ड्रियात घातक ऑक्सिजन रेणू इतके वाढतात की सुरुवातीला जंतू मरतात, पण मग मॅक्रोफेजही फुटते आणि वाचलेले जंतू बाहेर पडून मोकळेपणाने वाढतात. हाच धागा माणसांपर्यंत गेला. व्हिएतनाममध्ये मेंदूच्या आवरणाचा क्षय झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडचा फायदा रुग्णाच्या एका विशिष्ट जनुकाच्या रूपावर अवलंबून असू शकतो. हे जनुक पहिल्यांदा झेब्रा माशातच पकडलं गेलं होतं.

सी बासकडे परत येऊ. मत्स्यशेतीला खरा प्रश्न आहे तो पिल्लांच्या लसीचा. मेलेल्या जंतूंची लस माशाला जंतूच्या अंगावरचे अनेक भाग ओळखायला शिकवते. पण विष जंतूच्या अंगावर नसतं, ते त्याने बाहेर सोडलेलं असतं. जंतू वाढवून, गाळून, धुऊन मारले, तर लसीत विष उरेलच असं नाही. म्हणून विषावरची प्रतिपिंडं मुद्दाम तयार करून घ्यायची, असा विचार पुढे येतो. घटसर्प आणि धनुर्वात यांच्या लसी याच तत्त्वावर चालतात. त्यांत निर्विष केलेलं विषच दिलं जातं. एआयपी-५६च्या बाबतीत जस्ताची जागा बदललेलं, कापू न शकणारं विष आपल्याला बनवता येतं, हे २०१३च्या प्रयोगातच दिसलं आहे.

अशा लसीला एक अट मात्र पाळावी लागेल. प्रतिपिंडाने विषाला गाठायचं ते रक्तात, पेशीला चिकटण्याआधी. एकदा ते पिशवीत शिरून पेशीद्रवात उतरलं, की प्रतिपिंडाचा हात तिथे पोचत नाही आणि पी-६५ कापला जातो. पिल्लाच्या रक्तात प्रतिपिंडं लवकर आणि पुरेशी कशी तयार होतील, तेही उन्हाळ्याचं पाणी तापण्याआधी, हे तिथल्या पुढच्या कामाचं गणित आहे.